दोन मुठींचा पतंग

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला 'नको' म्हणायचं नसतं, ही खानदेशातली रीत. तिनं झोका मागितला तर झोका, रसावर जास्तीचं तूप मागितलं तर तूप. भर दुपारी ती पाय ताणून पडली तरी आई म्हणत नाही की ऊठ, भांडी घास. मंदानं मात्र त्या वर्षी जे मागितलं ते माहेरच्यांच्या हातात नव्हतंच. ते होतं तिच्या नवऱ्याच्या हातात. एका नव्हे, दोन्ही हातांत.

भाईदास दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर. दोनेक वर्षांपूर्वी संक्रांतीला तो मामाकडे अहमदाबादला गेला होता. तिथल्या पतंगाच्या मेळ्यात परदेशी पाहुणे दोन दोऱ्यांचे पतंग उडवताना त्यानं पाहिले, आणि गडी वेडाच झाला. घरी येऊन जुन्या छत्र्यांचं काळं कापड उसवलं, शिंप्याचं डोकं खाऊन ते तिकोनी शिवून घेतलं, आत वेताच्या काड्या सरकवल्या. घारीसारखा पंख पसरलेला पतंग तयार झाला. एक दोरी डाव्या पंखाला, एक उजव्या. आणि दोन्ही दोऱ्यांच्या टोकाला एकेक लाकडी मूठ. साधा पतंग वर जाऊन आभाळाला चिकटून बसतो. हा आभाळात धावायचा. डावी दोरी ओढली की डावीकडे वळे, उजवी ओढली की उजवीकडे. एकच धरून ठेवली तर भिंगरीसारखा फिरे. आणि मनात आलं तर सरळ खाली येऊन गवताच्या शेंड्याला ओठ लावून पुन्हा वर जाई. जाताना असा घोंघावे, की कॉलनीतली कुत्री पलंगाखाली शिरत.

या सगळ्यात मंदाचं काम एकच. मैदानाच्या त्या टोकाला जायचं, पतंग डोक्यावर धरून उभं राहायचं आणि भाईदास "सोड!" म्हणाला की सोडायचं. रोज संध्याकाळी तिच्या हातातून ते पाखरू निघून जाई आणि तिचे तळवे मोकळे राहत.

"एकदा मला द्या ना," ती म्हणे.

"पुढच्या रविवारी."

रविवार येत, चहा पिऊन निघून जात.

"अगं, त्याला मनगट लागतं," एकदा तो म्हणाला.

"आणि भरलेली कळशी उचलायला काय लागतं? मिशा?"

भाईदास हसला, पण मूठ काही सुटली नाही.

आखाजीला शिंदखेड्याजवळच्या तिच्या गावी येताना त्यानं पतंगही आणला. काड्या काढून, चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन तो एस्टीत बसला होता. संध्याकाळी नदीच्या वाळूत सासुरवाडीला करामत दाखवायची, असा बेत. मंदानं सकाळीच, सगळ्यांच्या देखत, डाव टाकला.

"आज आखाजी. आज मला नको म्हणायचं नाही. मुठी मला."

भाईदासनं शांतपणे मिशीवरून बोट फिरवलं. "ती रीत माहेरच्यांना. मी सासरचा माणूस."

ओसरीवरचे पुरुष फसकन हसले. मंदा आत निघून गेली. चुलीपाशी तिची काकू, तानुअक्का, खापरावर मांडे टाकत होती. बाई विधवा, अंगानं काटकुळी; पण स्वतःची बैलगाडी स्वतः हाकत शिंदखेड्याच्या बाजाराला जायची, तीही उभ्यानं. तिनं मंदाचं तोंड पाहिलं, मांडा उलटला आणि मंदाच्या वहिनीला म्हणाली, "लिला, जवाईले रस वाढ व. हात आखडू नको."

त्या दुपारी भाईदासच्या वाटीचा तळ कुणाला दिसला नाही. तो "पुरे" म्हणाला की लिला वहिनी म्हणे, "हाऊ आंबा आमना बांधवरना शे, त्याले वाईट वाटी." त्यानं वाटीवर हात आडवा धरला तर तिनं बोटांवरूनच रस ओतला. मग बोटं चाटण्यात आणखी अर्धी वाटी गेली. वर मांडे, मांड्यांवर तूप. जेवण आटोपलं तेव्हा त्याचे डोळे दिवसाढवळ्या मावळायला लागले होते. तरी गडी हुशार. ओसरीवर आडवा होताना चादरीची गुंडाळी त्यानं उशाशी घेतली, नीट डोक्याखाली, आणि मगच घोरू लागला.

बायका दारातून पाहत राहिल्या.

"आते काय करानं?" लिला वहिनी कुजबुजली.

"डोकं उचल," तानुअक्का म्हणाली.

लिला वहिनीनं दोन्ही ओंजळीत जावयाचं डोकं उचलून धरलं, फुटक्या अंड्यासारखं. मंदानं गुंडाळी ओढली, उलगडली, पतंग काढला आणि चादरीत भावाचं, लोटनचं, जुनं धोतर भरलं. तानुअक्कानं वरून तुरीच्या दोन काड्या खुपसल्या. जावयाला काड्या टोचल्या नाहीत तर झोप मोडेल, हे तिला बरोबर सुचलं. भाईदास झोपेत पुटपुटला, "नको, नको, रस नको," आणि डोकं परत उशीवर टेकलं.

नदीला पाणी नव्हतं. पांढरी वाळू उन्हानं भाजून आता कुठे निवायला लागली होती, आणि वाळूवरून मावळतीचा वारा पदर ओढत चालला होता. मंदाच्या वरच्या आळीच्या बायका आखाजीची गौराई बोळवायला इकडे निघायच्याच होत्या. त्या जरा लवकर निघाल्या. लोटनही आला. संक्रांतीला गावातले निम्मे पतंग काटणारा तो. तो नसता तर पतंगाचा अपमान झाला असता.

वेताच्या काड्या परत सरकवून लिला वहिनीनं पलीकडे जाऊन पतंग डोक्यावर धरला. मंदानं मुठी हातात घेतल्या. तिला वाटलं होतं त्याहून त्या हलक्या होत्या, आणि भाईदासच्या घामानं गुळगुळीत झालेल्या.

"सोड!" ती ओरडली. हा शब्द आपल्या तोंडून कसा वाटतो, तेही तिनं त्याच क्षणी ऐकलं.

पतंग सुसाट वर गेला, कलंडला आणि खाली तोंड करून सुटला.

"ढील दे!" लोटन ओरडला. "ढील दे, ढील दे!" मागून सगळी आळी ओरडली. पतंग बिथरला की ढील द्यायची, हे त्या गावात पोरं बोलायच्या आधी शिकतात. मंदानं हात पुढे सोडले. पतंगानं वाळूत नाक खुपसलं.

पुन्हा उचलला. पुन्हा गेला. पुन्हा कलंडला. "ढील दे!" पुन्हा वाळू. तिसऱ्यांदा तर तो लोटनच्याच टोपीवर आला. मंदानं घराकडे वळून पाहिलं. ऊन उतरत होतं, रस काही जन्मभर चढून राहणार नव्हता. नवरा उठला की मुठी गेल्या, आणि मग परत पुढचा रविवार.

तानुअक्का इतका वेळ गौराईची टोपली घेऊन उभी होती. ती पुढे आली.

"ढील काय देस व? बैल उधळनात ते कासरा सोडी देस का? दोन्ही हात तानीसन धर. ज्या अंगे जानं शे, त्या अंगनं वढ."

"अक्का, हाऊ पतंग शे, बैल नही," लोटन टोपी झटकत म्हणाला.

"मंग याले दोन दोऱ्या काबर शेतस?"

लोटननं टोपी परत डोक्यावर चढवली.

मंदानं पाय रोवले. पतंग चढला, कलंडला. बोटं ढील द्यायला शिवशिवली, पण तिनं कोपरं अंगाशी घट्ट घेतली आणि उजवी मूठ हलकेच मागे ओढली. खाली येणारं ते काळं तोंड वळलं. वळलं, आणि वाळूला समांतर धावत सुटलं. डावी ओढली, परत फिरलं. दोरीतून वारा तिच्या हातांत उतरला, दंडांत चढला, गळ्याशी आला आणि हसू होऊन बाहेर पडला. आपल्या मागे माहेर आहे, पुढे आभाळ आहे, आणि आभाळाला दोन मुठी आहेत, असं तिला झालं.

एवढ्यात खालच्या आळीच्या बायका आपली गौराई घेऊन समोरच्या काठावर आल्या. आखाजीला नदीत दोन आळ्या भेटल्या की गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढायची, हा मानच. त्यांची म्होरकी बेबाबाई. तिला सगळी बातमी आधीच लागलेली. तिनं कानावर हात ठेवून सूर लावला:

"वरनी आळीनी पोर व माय, हातमा दोन दोरी,
रस पिईसन जवाई झोपना, बायकोनी करी चोरी!"

वरच्या आळीला उत्तर द्यायची सवय होती, पण आज मंदानं त्यांना थांबवलं. तिनं पतंग उंच नेला, सगळ्यात उंच, आणि तिथून दोन्ही दोऱ्या ताणून सरळ खाली सोडला. तो घोंघावत बेबाबाईवर आला. बायका किंचाळत वाळूत बसल्या. वीतभर वरून वळून तो निघून गेला तेव्हा मंदाचं गाणं त्याच्या मागून पोचलं:

"खालनी आळीनी बेबाबाई, तुनं तोंड शे का भोंगा?
डोकावर ऊना मना पतंग, आते कर ना व दंगा!"

बेबाबाई वाळू झटकत उठली, पदर सारखा केला आणि पोट धरून हसायला लागली.

आणि नेमका तिच्याच शेजारी, त्या काठावर, भाईदास येऊन उभा राहिला. नदीकडून एवढा गलका ऐकून जागा झालेला, पुलावरून आलेला, केस उभे, मिशीला रस वाळलेला. काखेत चादरीची गुंडाळी घट्ट. ऊन थेट तोंडावर, त्यामुळे वाळूत कोण उभं आहे ते दिसेना. दिसत होता तो फक्त पतंग.

"हा कुणाचा?" त्यानं विचारलं. "असा पतंग या भागात दुसरा नाही. माझा तर हा इथे आहे," आणि त्यानं गुंडाळी थोपटली.

बेबाबाईनं एकदा गुंडाळीकडे पाहिलं, एकदा वाळूकडे. आळी आपापली, पण बाई ती बाईच. "धुळाना कोनी उस्ताद ऊना शे म्हनतस," ती भोळ्या चेहऱ्यानं म्हणाली.

भाईदास डोळ्यांवर हात धरून पाहत राहिला. पतंगानं एक गिरकी घेतली, उलटी गिरकी घेऊन दोऱ्यांचा पीळ सोडवला.

"हात आहे पण!" त्याच्या तोंडून गेलंच. "वळताना दोरी सैल पडू देत नाही. अशी वळणं मलाही..."

"तुम्हनापेक्षा बरा शे का?"

"बराच म्हणायचा."

बेबाबाईनं तोंडाभोवती तळवे धरले आणि नदीभर ओरडली, "ओ उस्ताद! ह्या पाव्हना म्हनतस, तुम्हना हात त्यासनापेक्षा बरा शे!"

वाळूतल्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. मंदानं आवाजाच्या रोखानं पाहिलं. चादर ओळखली, मग मिशी ओळखली. कान तापले, पण मूठ ढिली केली नाही. तिनं पतंग वळवला आणि सावकाश, अगदी अदबीनं, भाईदासच्या समोर वाळूपासून हातभर वर आणून फडफडवत धरला. पंखावर टाक्यांची एक ओळ तिरकी गेली होती. शिंपी दुकान बंद करून गेला तेव्हा भाईदासनं ती स्वतः घातली होती.

त्यानं गुंडाळी उलगडली. लोटनचं धोतर वाऱ्यावर पसरलं. तुरीच्या काड्या पायावर पडल्या.

दोन्ही काठ हसले. दोन आळ्यांना एकाच गोष्टीवर हसताना त्या नदीनं कधी पाहिलं नसेल.

भाईदास वाळू तुडवत आला. जवळ येईतो रागाचं अर्धं बळ चालण्यातच गेलं होतं. "मंदा! खाली घे तो."

"येत नाही घेता," मंदा आभाळावरची नजर न काढता म्हणाली. "उडवायला अक्कानं शिकवलं. उतरवायला कुणी शिकवलंच नाही."

"दे इकडे. मी उतरवतो."

"हात रिकामे नाहीत. तोंडानं सांगा."

त्यानं मुठींकडे हात नेला. तानुअक्कानं टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि एक पाऊल पुढे झाली, एवढंच. त्यानं हात मागे घेतला. नाकातून सुस्कारा टाकला. मग बायकोच्या खांद्यामागे उभा राहिला आणि, कसं कोण जाणे, त्याचा आवाज कामावरच्यासारखा झाला, शांत आणि नेमका.

"वारा मधोमध जास्त असतो. कडेला ने. आणखी कडेला. हं. आता बघ, ओढ कमी झाली?"

"झाली."

"आता नाक वर ठेव. दोन्ही हात सारखे. एक पाऊल पुढे टाक, म्हणजे तो आपोआप बसेल."

पतंग वाऱ्याच्या कडेला आला, मवाळ झाला, कोंबडी खुराड्याकडे यावी तसा खाली खाली आला. पंखाची टोकं वाळूला लागली, न लागली.

"असंच," भाईदास म्हणाला. "आता टेकव. समजलं?"

"समजलं," मंदा म्हणाली, आणि दोन्ही मुठी जोरात मागे ओढल्या. पतंग घोंघावत पुन्हा आभाळात गेला.