कडब्याच्या सावल्या

माझ्या काचेच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडालेला आहे. तिथून पाहिले तर सरळ रेघही वाकडी दिसते. मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, पितळी कड्यात बसवलेले आणि तीन पायांवर उभे राहणारे. वलगावच्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझे बहुतेक आयुष्य गेले.

दुसऱ्या महायुद्धात मी इटलीत होते. विमानातून काढलेले फोटो धुण्यासाठी तिथे ब्रिटिश फौजेची एक बंद गाडी होती. साहेब मला त्या फोटोंवर ठेवून जमिनीवरच्या खुणा वाचत. ओले फोटो दोरीवर वाळत घालणारा शिपाई देवीदास, वलगावच्या भाजीवाल्या माळ्याचा मुलगा. फोटो पाहणे हे त्याचे काम नव्हते. भिंगाला हात लावल्याबद्दल त्याच्या जोडीदाराला शिक्षा झाली होती.

एका दुपारी साहेब जेवायला गेले. टेबलावरच्या फोटोत एका गावाशेजारी त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केला होता आणि लिहिले होते, ‘तंबू, साठ’. देवीदासने मला उचलून त्या गोलावर ठेवले. टोकदार सावल्या होत्या खऱ्या, पण रांगा सरळ नव्हत्या. मध्ये पायवाटा नव्हत्या. कडेला गाडीची चाकोरी होती आणि चाकोरीत गळून पडलेली एक पेंढी.

“अरे, हा त कडबा हाय,” तो स्वतःशीच म्हणाला.

वलगावात ज्वारी कापल्यावर पेंढ्या अशाच एकमेकींना टेकवून उभ्या करतात. तिकडे मक्याची धांडे होती, एवढाच फरक. तेवढ्यात साहेबांची पावले वाजली. देवीदासने मला जागेवर ठेवले आणि तो गप्प राहिला.

तीन दिवसांनी त्याच जागेचा नवा फोटो आला. पेंढ्यांच्या जागी काळे खड्डे होते. गावातल्या घरांना छपरे नव्हती.

युद्ध संपले तेव्हा साहेबांनी मला देवीदासच्या हातात ठेवले. “अच्छा आदमी है. कभी बीच में नहीं बोला.” माझ्यासमोर कोणाला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी. देवीदासने मान वर केली नाही. गाडी रिकामी करताना फेकलेल्या कागदांत तो लाल गोलाचा फोटो सापडला, तो त्याने माझ्याबरोबर आणला.

वलगावात मी मेथीचे बी पाहिले, वांग्यातली अळी पाहिली. लोक पाने घेऊन येत. मग नापिकीची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वाईट वर्षे आली. पान दाखवून गेलेला एखादा पुन्हा येतच नसे, आणि देवीदास मला पुसत बराच वेळ दाराकडे पाहत बसे. दोन हजार सात साली शेजारचे नत्थुजी कपाशीची, म्हणजे इकडच्या पराटीची, पांढरी पडलेली फांदी घेऊन आले.

“देवीदासभाऊ, पाहा बरं. बायको म्हणते, पराटीनं पावडर लावली.”

“पावडर नाही बावा, किडे हाय. पिठ्या ढेकूण. उपटून जाळ, नाही त बाजूच्या वावरातबी जाईन.”

“घ्या! दिसलं का तोंडावर सांगते हा माणूस. काही लपवणं माहीतच नाही याले!”

नत्थुजी हसत गेले. देवीदासने मला डब्यात, त्या फोटोवर ठेवले आणि झाकण घट्ट लावले.

ते झाकण वर्षालीने उघडले. ती देवीदासची नात, नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दाखवायला तिला भिंग हवे होते, सापडला फोटो. मागे तारीख आणि गावाचे नाव होते. रविवारभर तिने पट्टीने सावल्या मोजल्या. मग अमरावतीच्या इंटरनेट कॅफेत बसून त्या गावाचा पत्ता शोधला आणि तेव्हा तिथे काय घडले, असे विचारणारे पत्र गावाला लिहिले. देवीदासला विचारले की तो एवढेच म्हणे, “मले आठवत नाही.”

चार महिन्यांनी उत्तर आले. वर्षालीने ते मराठीत वाचून दाखवले. गावात एकही सैनिक नव्हता. चौदा माणसे मेली. शाळामास्तराने खुणा करून विमाने बोलावली, असे गाव तेव्हापासून मानत आले. मास्तर केव्हाच वारला. त्याची मुलगी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि चर्चमध्ये तिच्या बाकावर अजून कोणी बसत नाही. तिने या पत्रातून एकच विचारले होते, माझ्या वडिलांनी ते केले का?

“आबाजी, ते तंबू नव्हते हे मी मोजून सांगीन,” वर्षाली म्हणाली. “पण विमानं या फोटोपायीच गेली, हे तिथं असलेल्या माणसानंच सांगा लागते. नुसत्या कागदावर गाव इश्वास ठेवणार नाही.”

“मले आठवत नाही, म्हटलं ना!”

“मंग फोटो साठ वर्षं काहून सांभाळला?”

देवीदास उठून वावरात गेला. आठ दिवस ते पत्र टेबलावर पडून राहिले आणि ते उडू नये म्हणून त्यावर मी. तो येई, पत्राकडे पाही आणि निघून जाई. इटलीतल्या त्या दुपारी गाडीत आम्ही दोघेच होतो. त्याच्याखेरीज ते पाहिलेले मीच एक.

मित्रांनो, भिंग मऊ फडक्याने पुसावे, उन्हात ठेवू नये. पण कितीही जपले तरी भिंग फक्त दाखवू शकते. दिसलेले सांगायला माणूसच लागतो.

नवव्या दिवशी सकाळी वर्षाली शाळेत निघाली होती. देवीदास दारात आडवा उभा राहिला.

“थांब, कागद घे. त्या बाईले लिव, तुह्या बापाचा काही दोष नाही. मी त्या गाडीत होतो. मले कडबा दिसला होता अन् मी बोललो नाही. खाली माहं पूर्ण नाव लिव.”