पिकलेलं अमृत

सभागृहाच्या आवारात सकाळपासून वाट्या-बाटल्या घेतलेल्या माणसांची रीघ लागली होती. प्रवचनाला आलेल्या महाराजांच्या बसखालच्या फरशीतून म्हणे अमृत पाझरत होतं. काल ते हिरवं होतं, आज गुलाबी. भक्ती वाढली तसं अमृत पिकलं, असा खुलासा महाराजांनी केला. फळं पिकतात, मग अमृतानंच काय घोडं मारलंय!

शाळेत विज्ञान शिकवणारी सून सासऱ्यांना शोधत तिथं पोचली. पहिला घोट घ्यायचा मान सासऱ्यांना मिळाला होता. गुडघेदुखीनं बेजार झालेला जीव, वाटी ओठांशी नेतच होता. तिनं ती हिसकावून घेतली.

"अगं, वास बघ किती गोड आहे."

"चवही गोडच असते, बाबा. इंजिन गार ठेवायचं कूलंट आहे हे. पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात."

पुस्तकी किड्यांना कृपेचा ओलावा कळत नाही, असं म्हणून महाराज गोड हसले. सुनेनं वाद घातला नाही. अमृत जमिनीतून येतंय ना, मग बस जरा पुढं घ्या, एवढंच ती म्हणाली. बस हलवायला आज मुहूर्त नाही, हे महाराजांना एकाएकी आठवलं. पण सासऱ्यांनीच ड्रायव्हरला गाडी पुढं घ्यायला लावली.

सुनेनं जुनी जागा पुसून कोरडी केली, बसखाली पुठ्ठा सरकवला आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. इंजिन तापलं, आतला दाब वाढला. फरशी कोरडी ठणठणीत राहिली आणि पुठ्ठ्यावर गुलाबी थेंब पडू लागले. ओल कुठून येते ते बघायला ती बसखाली वाकली, तर रेडिएटरच्या नळीची पकड सैल झालेली.

ड्रायव्हरनं मग सगळंच सांगून टाकलं. डब्यातलं हिरवं कूलंट संपलं म्हणून त्यानं काल रात्री हाताला लागलेलं गुलाबी ओतलं होतं. गळती दुरुस्त करायची नाही, हा महाराजांचाच हुकूम होता. सून म्हणाली, रंग काय, कंपनी घालते तो. पण न जुळणारी दोन कूलंटं मिसळली तर आत गाळ धरतो आणि इंजिन तापतं.

महाराज घाईघाईनं बसमध्ये चढले. फाटकापाशी बोनेटमधून वाफ निघाली आणि बस बंद पडली. अमृताला उकळी फुटली, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळं आवार हसलं.

गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जाताना सुनेचा हात घट्ट धरून सासरे म्हणाले, "चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी वाकून खाली बघावं. माझे गुडघे वाकत नाहीत, पोरी. पण बाकीच्यांच्या गुडघ्यांना काय झालं होतं?"