एकशे बाराव्या पानावर

चांगुणाने मांडीवरची वही तिसऱ्यांदा मागून पुढे चाळली, आणि ते वाक्य तिसऱ्यांदाही सापडलं नाही. बस नांदुरा सोडून मलकापूरच्या रस्त्याला लागली होती. खिडकीतून धूळ येत होती आणि वहीची पानं फडफडत होती.

शेजारी बसलेल्या म्हातारीने बराच वेळ हे पाहिलं आणि शेवटी विचारलं,

"काय हरपलं व बाई?"

"एक वाक्य, आजी."

म्हातारीने वाकून बाकाखाली पाहिलं, पायाने गाठोडं सरकवलं आणि म्हणाली, "इथं तं काही दिसून नाही राह्यलं."

चांगुणा हसली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती.

तीन दिवसांपूर्वी पोस्टमनने ते पत्र शाळेत आणून दिलं होतं. मोताळ्याकडच्या एका खेड्यातल्या गोजरबाई नावाच्या बाईंचं. अक्षर मोठं, ओळी तिरप्या. 'बाई, सप्रेम नमस्कार. पोरीसाठी पाटी घ्यायला मोताळ्याच्या बजारात गेली होती, तिथं तुमचं 'बिनसावलीचं नगर' हे पुस्तक भेटलं. मालकानं मले टाकून सहा वर्षं झाली. गाव म्हणते, इच्या डोक्यावर कोणाची सावली नाही. तुमच्या पुस्तकातलं शेवटचं वाक्य मी चुलीच्या वरच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं. आता कोणी तसं म्हटलं की मी भिंतीकडं पाह्यतो आणि भाकर थापतो. तुमचे उपकार कसे फेडू?'

शेवटचं वाक्य कोणतं, हे चांगुणाला आठवेना. छापून आलेलं स्वतःचं पुस्तक तिने कधी पुरतं वाचलं नव्हतं. चुका दिसतील आणि आता काही करता येणार नाही, या भीतीने ती नव्या पुस्तकाचा वास घेई, मलपृष्ठावरून हात फिरवी आणि ते ठेवून देई. त्या संध्याकाळी तिने कपाटातून प्रत काढली आणि शेवटचं, एकशे बारावं पान उघडलं.

सुवेलाची गोष्ट तिथे संपत होती. सातपुड्याच्या पोटातल्या राजाने माणसांच्या सावल्या हिरावून नेल्या होत्या. त्या सोडवायच्या म्हणून सुवेला त्याच्या नगरात गेली आणि सगळ्या गावाच्या सावल्यांच्या बदल्यात स्वतःची सावली तिथे ठेवून परत आली. वेशीपाशी लोकांनी तिला अडवलं आणि विचारलं, तुझी सावली कुठे आहे? चांगुणाच्या वहीत शेवटची ओळ होती : 'सुवेलाने मान खाली घातली आणि ती वेशीतून आत आली.'

छापील पानावर त्या ओळीखाली आणखी दोन ओळी होत्या.

'मग तिने मान वर केली. "सावली नाही म्हणून काय झालं? ऊन तर माझ्यावरही पडतंय ना!"'

आधी तिला वाटलं, आपणच कधी तरी लिहून विसरलो. म्हणून वही तपासली, कच्चे कागद तपासले. मग राग आला. पुण्याच्या प्रकाशकाने तिचं पहिलं हस्तलिखित परत पाठवताना लिहिलं होतं की आजच्या वाचकाला अद्भुताची गरज उरलेली नाही. तेव्हाही तिला इतका राग आला नव्हता. त्या पत्रानंतर तिने पोस्टातली शिल्लक काढली आणि ती मलकापूरच्या छापखान्याची पायरी चढली. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी तिचं पहिलं पुस्तक निघालं. 'प्रकाशक' या शब्दापुढे तिने स्वतःचंच नाव घातलं. मग एकामागून एक तीन पुस्तकं झाली. गठ्ठे एसटीच्या टपावर चढवले, पाट्या-पंचांगांच्या दुकानात ठेवले, जळगाव जामोदच्या बाजारात पोतं अंथरून स्वतः विकले. मास्तरीणबाई राक्षसाच्या गोष्टी विकते, म्हणून लोक हसले. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ मोकळं झालेल्या बाईने काय करावं आणि काय करू नये, हे सांगणारेही पुष्कळ भेटले. पण पुस्तकातलं अक्षर न् अक्षर तिचं होतं. निदान तिची तशी समजूत होती.

भगवानरावांचा छापखाना स्टेशनच्या रस्त्यावर होता. शनिवारची सकाळची शाळा करून निघालेली चांगुणा पोचली, तेव्हा ते जेवायला घरी जायच्या बेतात होते.

"या बाई, या! नव्या पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे जुळले तुमच्या. यंदा राक्षस जरा कमी दिसून राह्यले."

"पुढे येतील," ती म्हणाली.

भगवानराव टोपी घालून गेले. आत खिडकीपाशी इंद्रभान हिवराळे उभा होता. तिची तिन्ही पुस्तकं त्यानेच जुळवली होती. डाव्या हातात जुळणीची पट्टी, उजवा हात शिशाच्या अक्षरांच्या, खिळ्यांच्या खणांवर. खणाकडे न बघता तो अक्षर उचलायचा, दाणे टिपणाऱ्या पाखरासारखा. चांगुणाने त्याच्यासमोर पुस्तक उघडून ठेवलं.

"इंद्रभान, हे पान बघा."

त्याने पान पाहिलं नाही. त्याचा हात खणावर तसाच थांबला.

"शेवटच्या दोन ओळी मी लिहिलेल्या नाहीत."

"नाही बाई," तो हळूच म्हणाला. मग त्याने दाराकडे नजर टाकली, पट्टी खाली ठेवली. "मालकाले सांगू नका. माहं काम जाईन."

"मालकांना सांगायला नाही आले. मला विचारायला आले. का केलं असं?"

त्याने पंच्याला हात पुसले. शाई निघणारी नव्हती, तरी पुसत राहिला.

"सातवा फर्मा होता. शेवटच्या पानावर तुमची एकच ओळ जाऊन राह्यली होती. कोऱ्या पानावर एकटी ओळ वाईट दिसते, बाई. मालक म्हणे, अजून दोन ओळी असत्या तं बरं होतं. तुमाले पत्र टाकलं तं तुमच्या परीक्षा चालू. मशीन अडून होती."

"म्हणून तुम्ही लिहून टाकल्या?"

"लिवल्या नाही. उभ्या उभ्या जुळवल्या. कागदावर नव्हत्याच."

"जागाच भरायची होती तर 'समाप्त' घालायचं होतं मोठ्या खिळ्यांत. एखादं फूल घालायचं होतं."

"हाव. फुलं होती खणात."

"मग?"

इंद्रभानने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मालगाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत त्याला जणू सवडच मिळाली.

"रागावू नका बाई. तुमी लिवलं, सावली गेली म्हणून सुवेलाच्या मायनं डोळ्याले पदर लावला. गावानं तोंडं फिरवली. मी जुळवत होतो आन् मले माहा आजा आठवत होता." त्याने पंचा खांद्यावर टाकला. "आजा गावात जाये तं भर दुपारी जाये. सकाळी नाही, दिवस कलल्यावर नाही. सावली लांब पडते नं तवा. कोणाच्या अंगावर पडली, कोणाच्या वट्ट्यावर पडली, की झालं. दुपारी सावली पायाखाली राह्यते. म्हणून चैत-वैशाखातही तो दुपारीच निंघे, अनवाणी. माहा बाप सांगे हे. पुंजाजी नाव बापाचं."

चांगुणाने समोरचं पुस्तक मिटलं.

"तं मले वाटलं, ही पोरगी आता बिनसावलीची झाली. आता इले वेशीत कोण अडवते? आता तं इनं कव्हाही यावं, कुठूनही यावं. आन् तुमी तिले मान खाली घालाले लावली." तो ओशाळून हसला. "मले ते जुळवल्या जाईना. खिळे हातात घेतले न् आपोआपच झालं. चुकलंच माहं. तुमचं लिवलेलं होतं ते."

भिंतीशी कागदाची रिमं रचलेली होती. चांगुणा त्यांतल्या एका बुटक्या थप्पीवर बसली. तीन वर्षं तिने त्या सावल्यांचा विचार केला होता. त्या राजाने कशा गुंडाळल्या, कोणत्या भुयारात कशा टांगल्या, वारा आला की कशा हलायच्या. आपल्याला सावल्यांतलं सगळं कळलं, असं तिला वाटलं होतं. आता तिला माहेरचं अंगण दिसत होतं. अंगणाच्या कडेला, भर उन्हात, काही माणसं उभी असायची. ओट्यावर सावली असायची, पण ती तिथे यायची नाहीत. ही माणसं दुपारचीच का येतात, असं तिने लहानपणी कोणाला तरी विचारलं होतं. काय उत्तर मिळालं, ते आता आठवेना. भूक लागत असेल, अशी तिने स्वतःचीच समजूत घातली होती, एवढं मात्र आठवलं.

तिने पिशवीतून पत्र काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे वाचा."

इंद्रभानने वाचलं. ओळी उलट्या वाचायची सवय झालेला तो माणूस, पण हे पत्र त्याने फार हळू वाचलं. वाचून झाल्यावर ते परत द्यायला हात पुढे केला.

"ठेवा. ते तुमचं आहे," चांगुणा म्हणाली.

"नाव तं तुमचं हाय वर."

"पत्ता चुकलाय. मी फक्त आणून पोचवलं."

तो पत्राकडे पाहत राहिला. मग त्याने घडी होती त्याच रेघांवर ते दुमडलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं, जिथे शाईचा हात सहसा जात नसे.

"चुलीवर लिवलं म्हणते ते," तो म्हणाला. "धुरानं पुसल्या जाईन."

"परत लिहितील."

"हाव," तो म्हणाला. "परत लिवतीन."

भगवानराव सुपारी चघळत परत आले, तेव्हा चांगुणा त्यांच्या टेबलासमोर बसली होती. नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानांचा मजकूर तिने पुन्हा लिहून काढला होता. त्यांनी तो चष्मा लावून वाचला.

"प्रकाशक तुमी. मुद्रक मी. आन् हे खाली काय? अक्षरजुळणी?"

"इंद्रभानभाऊंचं नाव. पूर्ण घाला, वडिलांच्या नावासकट."

"बाई, असं कुठं राह्यते काय? जुळाऱ्याचं नाव कोण छापते? पुण्या-मुंबईचं एखादं पुस्तक दाखवा."

"पुण्या-मुंबईने माझं पुस्तक घेतलं नाही, भगवानराव, ते एका परीने बरंच झालं. नाही तर मला तुमचा छापखाना दिसला नसता." ती हसत होती, पण बोट त्या ओळीवरून हललं नव्हतं. "पुस्तक मी काढतेय. त्यात कोणाचं नाव असावं, ते मला ठरवू द्या."

भगवानरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"घाला मंग. माहं काय जाते! शाई तेवढीच लागते."

परतीच्या बसला वेळ होता. स्टँडवर बसून तिने गोजरबाईंना कार्ड लिहिलं. ते वाक्य माझं नाही, माझ्या पुस्तकाची अक्षरं जुळवणाऱ्या माणसाचं आहे, तुमचं पत्र मी त्यांना पोचतं केलं. मजकूर सरळ होता, तरी लिहायला वेळ लागला. 'माझं नाही' हे दोन शब्द लिहिताना अवघड वाटेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. तसं काही झालं नाही. उलट पुस्तकं हाती घेतल्यापासून खांद्यावर असलेलं काहीतरी कुणीतरी अर्धं धरल्यासारखं वाटलं. कंडक्टरने तिला ओळखलं. "आज गठ्ठे नाहीत काय, बाई?" त्याने विचारलं. नाहीत म्हटल्यावर, "मंग बसा आरामानं," म्हणाला आणि खिडकीची जागा दिली. सहा वर्षं तो तिचे गठ्ठे टपावर चढवत होता. त्याचं नाव गुलाबराव आहे, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा विचारून घेतलं.

पंधरा दिवसांनी टपालाने प्रुफं आली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून चांगुणाने ती तपासायला घेतली. इंद्रभानची प्रुफं तपासणं म्हणजे नुसतं वाचून जाणं असे. अकरा वर्षं तो हे काम करत होता. सातबाऱ्यांचे कागद, लग्नपत्रिका, पुढाऱ्यांची पत्रकं, शेकड्यांनी माणसांची नावं त्याने जुळवली होती, आणि कोणाची मात्रा कधी सुटली नव्हती. नव्या पुस्तकाच्या बत्तीस पानांत तिला एकही चूक सापडली नाही.

मग तिने पहिल्या पानांचा कागद ओढला. पुस्तकाचं नाव, तिचं नाव, प्रकाशक, मुद्रक. आणि त्याखाली सगळ्यांत बारीक खिळ्यांत :

अक्षरजुळणी : इद्रभान पुंजाजी हिवराळे

बापाच्या नावावरचं टिंब जागच्या जागी होतं. स्वतःच्या नावावरचं राहून गेलं होतं.

चांगुणा त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पेन्सिलीला नीट टोक केलं, आणि 'इ'च्या डोक्यावर हलक्या हाताने अनुस्वार दिला.