शेंदरी चौकट

फोनच्या वायरीच्या टोकाची प्लास्टिकची जीभ मोडलेली होती आणि वायर भोकात घट्ट बसावी म्हणून कुणीतरी बाजूला काडेपेटीतली काडी खोचून ठेवली होती — बहुतेक शिवकन्यानंच, काउंटरवर बसून तिला असले उद्योग सुचायचे. सोमलिंगनं काडी दाबून पाहिली, वायर हलवून पाहिली. लाइन तर होती. म्हणजे दोष तारेत नव्हता, त्याच्या प्रोग्राममध्येच कुठेतरी होता, आणि आपल्या प्रोग्राममध्ये दोष आहे म्हटलं की त्याला स्वतःच्या लेकराबद्दल मास्तरांची तक्रार ऐकल्यासारखं व्हायचं.

"दादा, कालच्यापून एकबी मेल जाईना," शिवकन्या म्हणाली. "डॉक्टर लई तापलेत. केजहून दोनदा फोन येऊन गेला."

"बघतो," तो म्हणाला. बघण्यासारखं काय असणार… दोन वर्षांपूर्वी बीडच्या या सोनोग्राफी सेंटरसाठी त्यानं हा प्रोग्राम लिहिला, तेव्हा जिल्ह्यात असं काही करणारा तो एकटाच होता. शिवकन्यानं बाईचं नाव, वय आणि तिला पाठवणाऱ्या डॉक्टरचा पत्ता भरायचा, नमुना एक की दोन ते निवडायचं. बाकी सगळं प्रोग्राम करायचा — पत्र मांडायचा, मथळा मधोमध घ्यायचा, सोनोग्राफीचं चित्र सोबत जोडायचा आणि ज्याचं त्याला धाडून द्यायचा. सुरुवातीला चित्र जायचंच नाही. पलीकडे नुसती चिन्हांची रांगोळी उमटायची. ते जमवायला त्यानं किती रात्री घातल्या, आणि केजच्या डॉक्टरकडे पहिलं चित्र धड उघडलं तेव्हा नेकनूरला घरी जाताना त्यानं अर्धा किलो पेढे नेले होते! पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ होती — मराठी फॉन्टचा घोळ नको म्हणून तिचंही चित्रच करून डकवलेलं — येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. ही ओळ प्रत्येक पत्रात पाहिजेच, असं डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं. आणि नमुने मात्र दोन पाहिजेत, एका नजरेत वेगळे ओळखू येतील असे.

शेंदरी चौकट त्याची स्वतःची कल्पना. पहिल्या नमुन्याला भोवती शेंदरी चौकट, कोपऱ्यात बारीक वेलबुट्टी. दुसरा साधा, वर एक राखी रेघ. रात्री जेवताना त्यानं कौतुकानं बायकोला, महानंदाला सांगितलं होतं. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "दोन कावून?"

"साहेबाची हौस," तो म्हणाला होता.

तिनं नुसतं पाहिलं त्याच्याकडे, भाकरी तव्यावर टाकली आणि मग त्या प्रोग्रामचं नाव काढलं नाही. तिला तेव्हाच कळलं होतं. आणि मला? झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार… बिघाड कळावा म्हणून सुरुवातीला उत्तरं स्वतःच्या पत्त्यावर मागवली होती ना मी? शेंदरी चौकटीच्या पत्रांना कधी कुणाचं उत्तर आलं नाही. राखी रेघेच्या पत्राला मात्र त्याच दिवशी यायचं, एकाच ओळीचं — पेशंट रविवारी पाठवू का? चौकट म्हणजे मुलगा, रेघ म्हणजे मुलगी, आणि रविवार म्हणजे काय हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे. मी काय केलं? उत्तरांचा पत्ता बदलून डॉक्टरसाहेबांचा टाकला. हात झटकून मोकळा झालो.

त्यानं खोळंबलेल्या पत्रांची यादी उघडली. दोष सापडला, अगदीच फालतू निघाला: सर्वांत वरच्या पत्राला भलंमोठं चित्र जोडलं गेलं होतं, ते पुढे सरकेना आणि मागच्यांना वाट देईना. ते काढलं की बाकीची भराभरा जाणार. माउस हातात घेऊन तो खाली खाली पाहत गेला — गेवराई, माजलगाव, केज, पुन्हा केज — आणि तिथे नाव होतं. महानंदा सोमलिंग. राहणार नेकनूर.

महानंदा पोटुशी होती. परवा आई म्हणाली होती, सुनंला घेऊन जरा केजला जाऊन येते, पोटात दुखतंय म्हनती. केजच्या डॉक्टरनं इकडे पाठवलं असणार. आईची ही तयारी आजची नव्हती. थोरली मुलगी, अपेक्षा, जन्मली तेव्हा तिला मांडीवर घेऊन आई म्हणाली होती, "आली तर आली, दुसऱ्या बारीला बघून घेऊ." सगळे हसले होते. तोही हसला होता.

आणि सकाळी… डबा हातात देताना महानंदानं विचारलं होतं, "आज तिकडं जानार हाव का, सेंटरात?"

"हो. मेल अडकलेत."

"अडकलेत व्हय?" ती उंबऱ्यापाशी थांबली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "मंग ऱ्हाऊ द्या की अडकून."

थट्टा करतेय असं वाटून तो एसटी पकडायला धावला होता.

यादीत नुसतं नाव दिसत होतं. नमुना दिसायला पत्र उघडावं लागणार होतं. उघडून रेघ निघाली तर ती बदलून चौकट करणं म्हणजे एका आकड्याचं काम — आईला नातू मिळाला असता, बाळंतपणापर्यंत तरी. नाहीतर दोन्ही नमुन्यांचा एकच करून टाकायचा, सगळ्या बायकांसाठी, चार ओळी खोडल्या की झालं… मग डॉक्टर काय समजायचे ते समजोत, काम काढून घेवोत, आपला कॉम्प्युटरचा क्लास तर आहेच. हे सगळं त्याला सुचत होतं, नीट, क्रमानं सुचत होतं, आणि तरी हात हलत नव्हता.

"निघालं का वो दादा?" शिवकन्यानं विचारलं.

"निघतंय."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. गळ्यातलं इष्टलिंग शर्टावरून डाव्या मुठीत घट्ट धरलं होतं आणि तो मागणं मागत होता — चौकट असू दे, देवा, चौकट असू दे. किती वेळ मागत होता कोण जाणे. नाव दिसल्यापासूनच, बहुतेक. आणि चौकट निघाली असती, तर? तर त्यानं वरचं मोठं चित्र काढलं असतं, बाकीची सगळी पत्रं, रेघांची सुद्धा, बिनबोभाट जाऊ दिली असती, शिवकन्यानं मागवलेला चहा पिऊन, पेढे घेऊन घरी गेला असता. हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं, की त्यानं मूठ सोडली आणि हात पँटीला पुसला.

आतून डॉक्टरसाहेबांनी हाक मारली. ओरडतील, ओरडू देत. आई दोन दिवस जेवणार नाही, रडेल, तेही जमेल. भीती त्यांची नव्हतीच. भीती होती ती महानंदाची — ती काही विचारील म्हणून नव्हे. ती विचारणार नाही. ताट वाढील आणि त्याच्या तोंडाकडे पाहील, आणि तिला कळेल की हा आज काय मागत बसला होता. चौकट निघो नाहीतर रेघ, पत्र जावो नाहीतर राहो, तेवढं मात्र तिला कळेलच.