माझा पिवळा दिवा लुकलुकतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना हब आहे. तळहातावर मावेल एवढी पांढरी डबी. पालेगावात, अस्मिताच्या घरी टीव्हीशेजारी राहतो. दिवे, पंखे आणि स्वयंपाकघरातला गॅसचा सेन्सर यांचे निरोप मी बिनतारी लहरींनी एकमेकांना पोचवतो.

मी आलो तेव्हा शेजारच्या कुंदाताई खास मला बघायला आल्या होत्या. आता माझ्यावर धूळ आहे. पण मला आणले ते भागीरथी आजींसाठी. सून अस्मिता कामावर गेली की त्या एकट्या असतात आणि त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. गॅस गळला तर हॉलमधला दिवा लाल व्हावा, अशी ती सोय.

एकदा अस्मिताने सेन्सरजवळ लायटरमधला थोडा गॅस सोडून पाहिला. सेन्सर ओरडला, दिवा पांढराच राहिला. सेन्सरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याला चालवणाऱ्या सूचनांमध्ये, चूक होती. सुधारलेल्या सूचना मी इंटरनेटवरून घेतो आणि तुकड्यातुकड्यांनी त्याला पाठवतो. शेवटचा तुकडा जुळेपर्यंत तो जुन्याच सूचना पाळतो आणि माझा पिवळा दिवा लुकलुकत राहतो.

रविवारी अपडेट सुरू करून अस्मिता भाजीला गेली. आजी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला निघाल्या. घर रिकामे सोडताना फ्रिज वगळता सगळी बटणे बंद करायची, ही त्यांची शिस्त. माझे काम अर्ध्यावर तुटले. पुढच्या रविवारीही तेच.

"आई, हे बटण तुम्ही बंद केलं?" अस्मिताने कानाशी जाऊन विचारले.

"मग? बाहेर पडताना बंद करायचं, हे काय आता नवीन आहे? आणि हे मेलं माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होतं."

अस्मिता हसली. मग तिने त्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभे केले आणि पुन्हा लायटरचा गॅस सोडला.

"काय दाखवतेस?"

"तो ओरडतोय, आई. आत्ता! ही डबी मध्येच बंद केली की त्याचं शिकणं अर्धवट राहतं."

आजी त्या पांढऱ्या दिव्याकडे बघतच राहिल्या.

पुढच्या रविवारी पांढरी साडी नेसून त्या माझ्या बटणाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. दारातून कुंदाताईंनी हात हलवला. "जय भीम मावशी! चला की, वंदना सुरू होईल!"

"जय भीम. तू हो पुढे. याचं शिकणं चाललंय अजून."

शेवटचा तुकडा जुळला आणि माझा दिवा हिरवा झाला. अस्मिताने लायटर धरला आणि सगळा हॉल लाल झाला, आजींची साडीसुद्धा.

"दिसलं गं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना विकत आणून विसरू नका. आम्हालाही अधूनमधून नवे शिकावे लागते. तेवढा वेळ आम्हाला द्या.

अस्मिता भाजीला गेली आणि आजी विहारात निघाल्या. पंखा, टीव्ही, दिवे, एकेक बटण बंद करत माझ्यापर्यंत आल्या. माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि फ्रिजसारखेच मलाही चालू ठेवून बाहेर पडल्या.