काचेपलीकडचा हुंकार

नियम असा होता : चौकशी चालू असताना वकिलाला दिसावं, ऐकू येऊ नये. म्हणून मला काचेच्या अलीकडे बाकावर बसवलेलं. दुकानातली बाहुली बरी, तिला निदान चावी तरी देतात.

पलीकडे भाऊजी. माझ्या ताईचा नवरा, कुलपं दुरुस्त करणारा. एका गोदामाचं कुलूप न मोडता उघडून कुणी माल नेला. असं कुलूप हाच उघडू जाणे, म्हणत पोलिसांनी यांनाच उचललं. आत नेण्याआधी मला दोन मिनिटं मिळाली. कळल्याशिवाय कशालाही हो म्हणू नका, असं बजावलं. भाऊजी म्हणाले, "हं."

मग चौकशी करणाऱ्या साहेबांनी पिशवीतून तेच कुलूप काढून त्यांच्या हातात दिलं. कुलूप हाती, तर कान कुठल्या गावी! गिऱ्हाईक काहीही सांगो, भाऊजी कळ चाचपत मान हलवतात : हं, हं. अकरा वर्षं ताई त्या हुंकाराशी संसार करतेय. एकदा तर तिनं कायमची माहेरी निघाले म्हणून सांगितलं. त्यालाही हं.

साहेबांचे ओठ हलत होते, भाऊजींची मान हलत होती, लेखनिकाचं पेन धावत होतं. एका हुंकाराला एक ओळ.

मी दाराशी गेले. ते उत्तर देत नाहीयेत, काम करताहेत, असं शिपायाला परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, लेखी अर्ज द्या, साहेब मोकळे झाले की बघतील. आणि साहेब मोकळे कधी होणार? सही झाली की.

कागद सहीसाठी सरकला. मी शिपायाच्या हाताखालून आत घुसले आणि भाऊजींच्या हातातलं कुलूप काढून घेतलं.

"पुराव्याला हात लावताय, बाई."

"लावला. आता विचारा."

साहेबांनी दातओठ खात विचारलं, गोदाम तूच उघडलंस ना?

भाऊजी झोपेतून उठल्यासारखे बघत राहिले. "मी? नाही हो. आणि हे तर त्याच्या मूळच्या चावीनं उघडलंय. आत एक ओरखडा नाही."

"ते तुला विचारलेलं नाही."

लेखनिकानं कागद उलटापालटा केला. "साहेब, 'नाही' कुठे लिहू? पान भरलं."

"नवं घ्या," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून भाऊजींना खेटून बसले.