दाराआडची दोघं

गॅसवाल्याने बेल वाजवली तेव्हा जगन हॉलमध्ये बसून दोन्ही नातवंडांवर लक्ष ठेवत होता. निदान त्याला तसं सांगितलेलं होतं. बायको, रमाबाई, कोपर स्टेशनजवळच्या मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या आणायला गेलेली. मुलगा सुमित कल्याणला लॅबमध्ये ड्युटीवर. सून स्वप्ना बाळंत होऊन एकोणीस दिवस झाले होते आणि आज पहिल्यांदाच ती जरा निवांत, डोक्यावरून अंघोळ करायला गेली होती. जाताना म्हणाली, "पप्पा, दहाच मिनिटं. बाळ झोपलंय. मितूकडे फक्त बघा."

मितू म्हणजे संघमित्रा, वय अडीच वर्षं. तिच्याकडे फक्त बघणं हे पूर्ण वेळेचं काम होतं. भाऊ घरात आल्यापासून तर जास्तच. तो हॉस्पिटलमधून आला त्या दिवशी तिने त्याला पाच मिनिटं न्याहाळलं आणि विचारलं, "हे कधी जाणार?" परवा त्याच्या पोटावर स्टीलची वाटी आपटली. काल तो आईच्या मांडीवर दूध पीत होता, तर तिने त्याला पायाने ढकललं. रमाबाई म्हणाली, होतं असं, सगळ्यांच्या घरात होतं. पण तेव्हापासून बाळापाशी मितूला एकटं सोडायचं नाही असं ठरलेलं होतं.

जगन दाराशी गेला. गॅसवाल्याने भरलेला सिलेंडर आत ठेवला, रिकामा उचलला, वहीत सही घेतली. दोन मिनिटं लागली असतील. सिलेंडर फरशीवर टेकताना ठणकन वाजला एवढंच. जगन वळला तर मितू हॉलमध्ये नव्हती आणि बेडरूमचं दार बंद होतं.

त्याने दार ढकललं. हललं नाही.

त्या दाराला आतून दोन कड्या होत्या. वरची मितूच्या हाताला लागणं शक्य नव्हतं. खाली मात्र जमिनीतल्या भोकात जाणारा बोल्ट होता, जाड, पितळी. नुसता फिरवला की आपल्या वजनानेच खाली पडायचा. पण भोकात रुतून बसायचा; वर ओढायचा तर मोठ्या माणसालाही वाकून जोर लावावा लागायचा.

"मितू," जगनने दाराला तोंड लावून हाक मारली. "दार का लावलंस गं?"

आतून कुजबुजत उत्तर आलं. "बाळ झोपलं. आवाज नको."

एकोणीस दिवस घरातलं प्रत्येक माणूस त्या पोरीला हेच तर सांगत होतं. दार लाव, बाळ झोपलंय, आवाज करू नको. आज तिने ऐकलं होतं.

स्वप्ना बाथरूममधून बाहेर आली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला, गाऊन पाठीला चिकटलेला. सासऱ्याचा चेहरा बघूनच तिला कळलं. टाके अजून दुखत होते, तरी ती भिंतीला धरून दारापाशी खाली बसली.

"मितू, बाळा, ती खालची कडी आहे ना, ती वर ओढ बरं."

कडी खुळखुळली. पुन्हा खुळखुळली. मग मितू म्हणाली, "नाय येत."

"दोन्ही हातांनी ओढ."

"नाय येत ना आई."

"बाजूला हो," जगन सुनेला म्हणाला. "मी खांदा मारतो. एका दणक्यात उघडेल."

"नको पप्पा." स्वप्नाने त्याचा पाय धरल्यासारखी पँट धरली. "गादी दाराच्या मागेच आहे."

सकाळी मालिश करायला येणाऱ्या हौसाबाईने बाळाला न्हाऊमाखू घालून, दुपट्यात गुंडाळून दारामागच्या कोपऱ्यात गादीवर ठेवलं होतं. पंख्याचा वारा तिथे लागत नाही म्हणून, आणि मितू पलंगावर उड्या मारते म्हणून. दार आत उघडायचं. ते तोडलं असतं तर सरळ बाळावर गेलं असतं.

शेजारच्या गल्लीत गोविंदाचं फर्निचरचं दुकान होतं. जगनने फोन लावला. गोविंदा डोंबिवलीत एका गिऱ्हाइकाकडे होता. "काका, वीस मिन्टं द्या मला. दाराला हात नका लावू," म्हणाला. सुमितला फोन केला, तर तो म्हणाला निघालोच. पण कल्याणहून यायला त्याला पाऊण तास तरी हवा होता.

आणि मग बाळ उठलं.

आधी नुसतं कुरकुरलं. मग ते कोवळं, कापरं रडणं सुरू झालं. स्वप्नाने डोक्याचा टॉवेल काढून छातीशी घट्ट धरला. ते रडणं ऐकताच तिला पान्हा फुटला होता. जगनने मान फिरवली. दोघांपैकी कुणी वाटीचं नाव काढलं नाही. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर तीच होती.

गडबड ऐकून समोरच्या फ्लॅटमधली शालन बाहेर आली. तिने एकदा बंद दाराकडे बघितलं, एकदा स्वप्नाकडे, आणि म्हणाली, "काका, माझ्या किचनच्या खिडकीतून तुमची बेडरूम दिसते. चला."

"जा तुम्ही," स्वप्ना म्हणाली. "मी इथून हलणार नाही. मला फोन लावून ठेवा आणि काय दिसतंय ते सांगत राहा."

बिल्डिंग कोपऱ्यात वळत होती, त्यामुळे शालनच्या ओट्यामागची खिडकी आणि जगनच्या बेडरूमची खिडकी एकमेकींसमोर यायच्या. मध्ये सात-आठ फुटांचं अंतर आणि खाली चार मजले. बेडरूमची काच अर्धी सरकवलेली होती. जगनने ग्रिलला कपाळ टेकवलं.

दोघं दिसली. बाळ गादीवर लाललाल होऊन रडत होतं, आणि मितू त्याच्यापाशी उकिडवी बसली होती. तिचं जगनकडे लक्ष नव्हतं. कोणीतरी आपल्याला बघतंय याची तिला कल्पनाच नव्हती.

"थोपटतेय," जगन फोनमध्ये म्हणाला. "जरा जोरात थोपटतेय. पण थोपटतेय."

बाळ आणखी रडायला लागलं. मितूने हात मागे घेतला, हाताकडे बघितलं. मग उठून ती पलंगापाशी गेली. पलंगावरून आईची ओढणी ओढत ओढत आणली आणि बाळावर टाकली. पायांपासून डोक्यापर्यंत.

रडण्याचा आवाज दबला. ओरडावं तर पोर दचकेल, धावेल, बाळावर पडेल. न ओरडावं तर.

"काय झालं? पप्पा, बोला ना," कानात स्वप्नाचा आवाज.

"मितू," जगनने हाक मारली. शक्य तितक्या साध्या आवाजात, रोज दुपारी मारतो तशी.

मितूने वर बघितलं. "आबा. तू तिथे का?"

"मी शालनकाकीकडे आलोय. मितू, बाळाचं तोंड कुठे गेलं गं?"

मितूने ओढणीकडे बघितलं. मग जगनकडे. मग तिने ओढणीचं टोक चिमटीत धरलं आणि खस्सकन वर उचललं.

"कुक," ती बाळाला म्हणाली.

बाळ रडायचं थांबलं. एकोणीस दिवसांच्या जिवाला काय कळलं असेल देव जाणे. उजेड कळला असेल, वारा कळला असेल. पण ते थांबलं, तोंड उघडंच ठेवून. मितूने ओढणी पुन्हा टाकायला हात उचलला, तेवढ्यात जगन म्हणाला, "आता तुझी पाळी. तू घे ओढणी." तिने ती लगेच स्वतःच्या डोक्यावर घेतली, बायका विहारात वंदनेला बसताना पदर घेतात तशी, आणि मांडी घालून बसली.

मागे शालनने जगनसाठी स्टूल आणून ठेवलं होतं. तो बसला नाही.

थोड्या वेळाने बाळ पुन्हा कुरकुरलं, मान इकडेतिकडे करून दूध शोधायला लागलं. मितूने ते वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आपलं बोट दुमडलं आणि त्याचं पेर बाळाच्या ओठांना लावलं. हे तिला कुणी दाखवलेलं नव्हतं. बाळाने ते पेर तोंडात घेतलं आणि चोखायला लागलं. खोलीत एकदम शांतता झाली.

"रडायचं का थांबला?" स्वप्नाने विचारलं.

"बोट देतेय त्याला. तो चोखतोय."

"हात धुतलेले असतील का हो तिचे," शालन मागून पुटपुटली.

जगनने एकतीस वर्षं कोलशेतच्या एका कंपनीत बॉयलर सांभाळला होता, तीन पाळ्यांत. काचेतून आत बघत उभं राहायचं, हे त्याला नवीन नव्हतं. पण आत जे चाललं होतं त्यातलं काही त्याने आयुष्यात बघितलेलं नव्हतं. जी पोर जेवताना चार घासांत तीनदा उठायची, ती हललीसुद्धा नाही. हात अवघडला तेव्हा तिने दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला, पण बोट काढलं नाही. आणि मग ती बोलायला लागली. जगनशी नाही, आईशी नाही. बाळाशी.

"हे पंखा. पंखा फिरतो. हात नाय लावायचा, उऊ होतो." बाळ चोखत होतं. "हे कपाट. कपाटात माझा लाल फ्रॉक. तुझा नाय." मग थोडा विचार करून, "तुला पण देईन." मग खिडकीकडे बोट केलं. "हे आबा. आबा चहा पितो. आबा म्हातारा." मग दाराकडे. "तिकडे आई. आई भायेर आहे. आई येते. रडू नको, हां? मी आहे."

स्वप्नाला दारातून सगळं ऐकू जात होतं.

जगनला वाटलं, आपण काहीतरी बघतोय जे माणसांना बघायला मिळत नाही. आपण समोर असतो तेव्हा पोरं आपल्यासाठी असतात; हट्ट आपल्यासाठी, रडणं आपल्यासाठी, ती वाटीसुद्धा आपल्यासाठीच. आपण नसताना ती एकमेकांची कोण असतात ते आपल्याला कधीच कळत नाही. एक जण जगात येऊन अडीच वर्षं झालेली, दुसऱ्याला एकोणीस दिवस. आणि जिला अडीच वर्षांत जेवढं जग मिळालं होतं, तेवढं सगळं ती दुसऱ्याच्या हवाली करत होती, पंख्यापासून आबापर्यंत.

गोविंदा आला तो धापा टाकतच आला. "पोर केवढी हाय? बाळ कुठं हाय नेमकं?" त्याने विचारून घेतलं. मग दाराच्या खालच्या अंगाला, बोल्टच्या जरा वर पेन्सिलीने खूण केली. "इथं भोक पाडतो, पक्कड घालून बोल्ट वर घेतो. बाळाला काय होनार नाय. आवाज होईल थोडा."

जगनने खिडकीतून सांगितलं, "मितू, आता मोठा आवाज येणार आहे. घाबरू नको. काका दार उघडतायत."

मिक्सर लागला तरी मितू किंचाळत रमाबाईच्या पदरात शिरायची. ड्रिल सुरू झालं तशी ती ताडकन उठली. डोळे मोठे झाले, ओठ थरथरले. पलंगाखाली शिरायला ती दोन पावलं गेलीही. मग बाळ दचकून रडलं. मितू मागे वळली. गादीवर गुडघे टेकून तिने आपले दोन्ही तळहात बाळाच्या दोन्ही कानांवर ठेवले, डोळे घट्ट मिटून घेतले, आणि दार उघडेपर्यंत तशीच बसून राहिली. स्वतःचे कान तिने उघडेच ठेवले होते.

जगनने पुढचं नीट बघितलं नाही. त्याला दिसेनासं झालं होतं. शालनने पाण्याचा पेला पुढे केला.

तो घरी आला तेव्हा दार उघडलेलं होतं आणि फरशीवर लाकडाचा भुसा पडला होता. स्वप्ना गादीवर भिंतीला टेकून बसली होती, बाळ ओढणीखाली. आणि मितू, जी इतका वेळ एकदाही रडली नव्हती, ती आता आईच्या दंडाला लोंबकळून गळा काढून रडत होती. "मला पण. मला पण घे." स्वप्नाने तिलाही दुसऱ्या मांडीवर घेतलं. टाके दुखले असणार, पण ती हसत होती आणि रडतही होती, आणि मितूच्या त्या बोटाचा पापा घेत होती.

गोविंदा हत्यारं गोळा करता करता थांबला. "भोकाला उद्या पट्टी मारतो," हळूच म्हणाला आणि चपला पायात सरकवून गेला.

संध्याकाळी जगन, रमाबाई आणि सुमित चहाला बसले. सुमितने तोवर खालचा बोल्ट स्क्रूसकट काढून टाकला होता. रमाबाईने सगळी हकिकत तीनदा ऐकली. मितू आत बाळाचं टोपरं ओढत होती आणि स्वप्ना तिला ओरडत होती. त्यात काही फरक पडलेला नव्हता.

"सुमित," जगनने विचारलं, "संचिता झाली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. तुला आठवतं काही?"

"मला कुठलं आठवणार, पप्पा."

"मला आठवतं ना," रमाबाई म्हणाली. "ठाण्याच्या खोलीत पाणी यायचं पहाटे. मी नळावर जायची. परत यायची तर हा तिच्या अंगावर पाय टाकून झोपलेला असायचा. मी विचारलं, असा का झोपतोस रे. तर म्हणाला, ती पडली तर मला कळेल."

संचिता आता नाशिकला असते, दोन मुलांची आई आहे.

"मला कधी सांगितलं नाहीस," जगन म्हणाला.

"कधी सांगणार? तुम्ही रात्रपाळीहून यायचात ते झोपायचात. पोरांना मी म्हणायची, आवाज करू नका, दार लावा, पप्पा झोपलेत."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जे होतं ते ती सांगत होती. जगनने कप खाली ठेवला. त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली, इतकी जवळ की रमाबाईने सुनेच्या दिशेने एकदा बघून घेतलं.

"आणखी काय करायची ती दोघं?" त्याने विचारलं. "सगळं सांग. सुरुवातीपासून."